विश्लेषण : सरासरीत हरवलेले चेंबूर, आजाराची बातमी कशी व्हावी?

देशाच्या आरोग्याची मोजदाद करणारी संस्था चेंबूरच्या शेजारी, देवनारमध्ये आहे. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे तिचे नाव. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम तिच्याकडे असते. जवळच टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. या दोन्ही संस्थांपासून काही किलोमीटरवर, गोवंडीच्या वस्त्यांत, २०२२ च्या ऑक्टोबरअखेर गोवराने मुले दगावली. ज्या आजारावर लस आहे, ती मोफत मिळते आणि बाळाच्या पहिल्या वर्षातच द्यायची असते, त्या आजाराने मुंबईत साथीचे रूप घेतले. मोजणारे जवळ असूनही धोका आधी दिसला नाही. दिसला तेव्हा त्याची बातमी झाली. पण त्या बातमीने नेमके काय सांगितले, कोणाला दोषी ठरवले आणि साथ ओसरल्यावर कोणते प्रश्न सोडून दिले, हे तपासण्याजोगे आहे. आरोग्याची बातमी चुकते, तेव्हा तिची किंमत वाचकापेक्षा रुग्ण अधिक मोजतो.

चेंबूर एक की दोन?

महापालिकेच्या नकाशावर चेंबूर परिसर दोन विभागांत वाटला गेला आहे. चेंबूर, टिळकनगर, माहुल हा भाग एम पश्चिम विभागात येतो. गोवंडी, देवनार, शिवाजीनगर, मानखुर्द, ट्रॉम्बे हे एम पूर्व विभागात. २०११ च्या जनगणनेत एम पूर्वची लोकसंख्या ८ लाखांहून अधिक होती, एम पश्चिमची ४ लाखांच्या आसपास. एका बाजूला जुन्या सोसायट्या, बागा आणि खासगी रुग्णालये आहेत. दुसरीकडे १९२७ पासून शहराचा कचरा झेलणारे देवनारचे क्षेपणभूमीचे मैदान, पुनर्वसनाच्या इमारती आणि दाट वस्त्या. दोन्हींच्या कडेला तेल शुद्धीकरण कारखाने, खत कारखाना आणि वीज केंद्र.

सर्वेक्षणाच्या तक्त्यात मात्र हा फरक नाहीसा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांतील ६ लाख ३६ हजारांहून अधिक घरांची पाहणी झाली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९०० घरे. मुंबई उपनगर हा एकच जिल्हा, त्याची लोकसंख्या २०११ मध्येच ९३ लाखांवर गेलेली. वांद्र्याचा समुद्रकिनारा आणि गोवंडीचा नाला या एकाच जिल्ह्यात येतात. अशा पाहणीतून जिल्ह्याचे चित्र विश्वासाने सांगता येते, विभागाचे किंवा वस्तीचे नाही. हा सर्वेक्षणाचा दोष नव्हे, ती त्याची मर्यादा आहे. पण ‘उपनगरात लसीकरण समाधानकारक’ असे शीर्षक त्यावरून दिले, की ही मर्यादा वाचकापर्यंत पोहोचत नाही. सरासरी चांगली असते आणि तिच्या आत एखादी वस्ती उघडी पडलेली असते.

गोवराच्या बाबतीत हे विशेष धोक्याचे ठरते. हा सर्वाधिक वेगाने पसरणाऱ्या आजारांपैकी एक आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. तो थोपवायचा तर सुमारे ९५ टक्के मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. जिल्ह्याची सरासरी कितीही असो, चार गल्ल्यांत लस न मिळालेली मुले एकवटली की विषाणूला तेवढे पुरते.

‘३९ वर्षे’ हा आकडा काय सांगतो?

एम पूर्व विभागाविषयी वर्षानुवर्षे एक आकडा फिरत आला आहे. ‘इथला माणूस जेमतेम ३९ वर्षे जगतो.’ लेखांत, भाषणांत, माहितीपटांत तो आयुर्मान म्हणून सांगितला जातो. वास्तविक ‘मृत्यूच्या वेळचे सरासरी वय’ आणि ‘अपेक्षित आयुर्मान’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मृत्यूच्या वेळचे सरासरी वय काढताना वर्षभरात मरण पावलेल्यांच्या वयाची सरासरी काढतात. वस्तीत तरुण आणि मुले जास्त असतील, तर मरण पावणाऱ्यांतही त्यांचे प्रमाण जास्त दिसते आणि सरासरी खाली येते. उतारवयात गावी परतलेल्या माणसाचा मृत्यू गावी नोंदवला जातो, तेव्हाही सरासरी खाली येते. आयुर्मान काढण्याची पद्धत निराळी आहे. तिथे प्रत्येक वयोगटातील मृत्यूचा धोका आधी मोजावा लागतो. त्यामुळे तरुण वस्तीचे मृत्यूचे सरासरी वय कमी दिसले, म्हणून तिथला प्रत्येक जण चाळिशीआधी मरतो असे होत नाही.

मग हा आकडा टाकून द्यावा का? तसेही नाही. बालमृत्यू जास्त असले तरीही सरासरी खाली येते आणि ते खरे दुःख आहे. ‘मुंबई मानवी विकास अहवाल २००९’ मध्ये शहराच्या २४ विभागांत एम पूर्व सर्वात तळाशी होता. या विभागाची दुरवस्था सिद्ध करायला चुकीच्या आकड्याची गरज नाही. उलट चुकीचा आकडा दोन प्रकारे नुकसान करतो. प्रशासनाला तो खोडून काढण्याची सोपी संधी मिळते आणि मूळ तक्रारही त्यासोबत बाजूला पडते. दुसरे म्हणजे, तिथे राहणाऱ्या मुलाला आपल्या वस्तीची ओळख ‘लवकर मरणाऱ्यांची वस्ती’ अशी शिकवली जाते. भाड्याचे घर शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगताना तीच ओळख आडवी येते.

गोवराच्या बातम्यांतून काय निसटले?

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर गोवंडीच्या रफीनगर भागात काही तासांच्या अंतराने मुलांचे मृत्यू झाल्याचे समोर आले. ९ नोव्हेंबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मुंबईत पथक पाठवले. एम पूर्व विभागात रुग्ण सर्वाधिक होते. नोव्हेंबरच्या अखेरच्या टप्प्यात केंद्राने साथ असलेल्या भागांत ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना जादा मात्रा देण्याचा सल्ला दिला. जिथे ९ महिन्यांखालील बालकांत रुग्णांचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक होते, तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक मात्रा देण्यास सांगितले.

त्या आठवड्यांतील वृत्तांकनात ‘लसीला नकार’, ‘गैरसमज’ आणि ‘अशिक्षित पालक’ हे शब्द वारंवार आले. नकार देणारी कुटुंबे नव्हती असे नाही. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली, तेव्हा व्हॉट्सअॅपवरच्या अफवांनी काही शाळांत पालकांना घाबरवले होते. त्या भीतीचा काही अंश उरला असणार. पण २०२२ ची गोष्ट केवळ नकाराची नव्हती. करोनाच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण जगभर विस्कळीत झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार एकट्या २०२१ मध्ये सुमारे ४ कोटी मुलांची गोवराच्या लसीची एक तरी मात्रा चुकली. या काळात दवाखान्यांतील मनुष्यबळ करोनाच्या कामाला लागले होते, टाळेबंदीत कुटुंबे गावी गेली आणि परतली, बाळाचे लसीकरण कार्ड एका ठिकाणी आणि बाळ दुसऱ्या ठिकाणी अशी स्थिती झाली.

‘नकार’ हा शब्द या सगळ्या कारणांना एकाच पिशवीत भरतो. लसीच्या सत्राच्या वेळी आई धुण्याभांड्याच्या कामावर असणे, आधीच्या लसीनंतर बाळाला ताप आल्यावर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे घरच्यांनी म्हणणे, दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांत असते हे कोणीच न सांगणे, घरमालकाने खोली रिकामी करायला लावल्याने पत्ता बदलणे, यांतली एकही गोष्ट नकार नाही. तरीही मोजणीच्या कागदावर आणि बातमीत ते मूल ‘लस न घेतलेले’ असते. नकारावरचा उपाय समजूत घालणे हा आहे. सोय नसण्यावरचा उपाय म्हणजे सत्राची वेळ बदलणे, आरोग्य सेविका वाढवणे आणि दवाखाना जवळ आणणे. बातमीने कारण चुकीचे सांगितले, तर दबाव चुकीच्या उपायासाठी तयार होतो.

आजाराला धर्म किंवा जात चिकटवली, की काय होते?

रफीनगर, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्यांत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. साथीच्या बातमीत हा तपशील आला, की वाचकाच्या मनात कारण आपोआप जुळते. याचा सर्वात कडवट अनुभव २०२० मध्ये आला. दिल्लीतील तबलिगी जमातच्या मेळाव्यानंतर करोनाचा दोष एका समाजावर टाकणारे वृत्तांकन देशभर झाले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरोधात माध्यमांतून झालेल्या प्रचारावर ताशेरे ओढले. न्यायालयाचा निकाल आला तोवर भाजीवाल्यांना गल्लीत येऊ न देण्याचे प्रकार होऊन गेले होते.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे केवळ सभ्यतेचे प्रकरण नाही. ज्या वस्तीला दोषी ठरवले जाते, ती आजार लपवते. घरोघरी येणाऱ्या आरोग्य सेविकेला दार उघडले जात नाही. रुग्ण उशिरा रुग्णालयात येतो. साथ लांबते आणि मग ती कोणत्याही सोसायटीचे प्रवेशद्वार ओलांडते.

दोषाऐवजी कारण शोधले, तर चित्र कसे बदलते?

याच परिसरातले एक संशोधन इथे उपयोगी पडते. लल्लूभाई कम्पाउंड, नटवर पारेख कम्पाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या एम पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबई आयआयटीच्या संशोधकांनी केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोग आणि घरात येणारा उजेड व वारा यांचा संबंध त्यांनी तपासला. काही इमारतींमधील अंतर जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली तरी हवा खेळत नाही. अशा दाटीच्या वसाहतींत क्षयाचे प्रमाण जास्त आढळले.

या अभ्यासाआधी क्षयाच्या बातमीत रुग्णाचे व्यसन, कुपोषण, औषधे मधेच सोडणे हे मुद्दे येत. अभ्यासानंतर इमारतीचा नकाशा मंजूर करणाऱ्या नियमांवर प्रश्न आला. रुग्ण तेच, आजार तोच. बातमीतला आरोपी बदलला. धोरणविषयक संशोधनाचा खरा उपयोग हा असतो. वस्तीतून ते प्रश्न उचलते आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्या टेबलावर ठेवते. माध्यमांनी ते तिथवर नेले नाही, तर अहवाल ग्रंथालयात राहतो.

माहुलमध्ये पुरावा कोणी द्यायचा?

चेंबूरच्या दक्षिणेला माहुलमध्ये हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चेंबूरला ६९.१९ गुण होते. ७० च्या वर असते तर ते ‘अतिप्रदूषित’ गटात गेले असते. त्याच माहुलमध्ये प्रकल्पबाधितांसाठी ७२ इमारती आणि १७ हजारांहून अधिक सदनिका उभ्या राहिल्या. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर २०१७ पासून हजारो कुटुंबांना तिथे धाडण्यात आले.

केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत माहुल-आंबापाडा भागातील सुमारे दोन तृतीयांश लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा श्वास लागत असल्याचे सांगितले होते. ८० टक्क्यांहून अधिक जणांनी डोळ्यांची जळजळ होत असल्याची तक्रार केली होती. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नमूद केले. तरीही पुनर्वसन थांबले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये बाधित कुटुंबे विद्याविहारला जलवाहिनीलगत रस्त्यावर धरणे देऊन बसली. अखेर २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, त्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला.

वृत्तांकनाच्या दृष्टीने माहुल अवघड आहे. ‘गॅस चेंबर’ हे नाव शीर्षकात चपखल बसते आणि रहिवाशांच्या संतापालाही ते वाट देते. पण पाहणीत नोंदवलेली तक्रार आणि डॉक्टरने केलेले निदान यांत फरक असतो. एका रुग्णाचा कर्करोग अमुक कारखान्यामुळे झाला, असे पाहणीवरून म्हणता येत नाही. त्यासाठी तुलनेचा गट, अनेक वर्षांच्या नोंदी आणि हवेची सलग मोजणी लागते. हा फरक न पाळणारी बातमी न्यायालयात टिकत नाही.

मात्र याच्या उलट टोकाला जाणेही तितकेच अन्यायाचे आहे. ‘संबंध सिद्ध झालेला नाही’ हे वाक्य कंपनीच्या किंवा खात्याच्या निवेदनातून उचलून बातमीच्या शेवटी ठेवले, की समतोल साधल्यासारखे वाटते. सिद्ध झालेला नाही की तपासलाच गेला नाही, हे विचारले जात नाही. हरित लवादाच्या कायद्यातच सावधगिरीचे तत्त्व आहे. गंभीर हानीची शक्यता असेल तर पूर्ण पुराव्याची वाट पाहत कृती थांबवू नये, हा त्याचा अर्थ. पुराव्याचा भार श्वास लागणाऱ्या माणसावर टाकायचा नसतो.

माहुलच्या बातमीला पुढचा अध्यायही आहे. २०२५ मध्ये महापालिकेने तिथल्या रिकाम्या घरांपैकी ९ हजारांहून अधिक घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकण्याची योजना आणली. तिला थंड प्रतिसाद मिळाला. ज्या घरांत राहण्याची सक्ती न्यायालयाने अमान्य केली, ती घरे आता कोणत्या हवेत विकली जात आहेत, हा प्रश्न घरांच्या किमतीच्या बातमीत विचारायला हवा होता.

मोबाइलवरचा हवेचा आकडा काय दाखवत नाही?

हिवाळा आला की हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक प्रत्येकाच्या मोबाइलवर असतो. हा निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेततात. सूक्ष्म धूलिकण (दोन प्रकारचे), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. शुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांजवळ ज्याची चिंता असते, ते बेंझिन या यादीत नाही. देशाच्या हवा मानकांत बेंझिनसाठी वार्षिक ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे, पण निर्देशांकाच्या रंगात ती उतरत नाही. त्यामुळे मोबाइलवर हिरवा किंवा पिवळा रंग आणि खिडकीतून उग्र वास, असा अनुभव माहुलच्या रहिवाशाला आला तर तो भ्रम म्हणता येत नाही. ‘चेंबूरची हवा समाधानकारक’ या बातमीत एक वाक्य जोडले, की निर्देशांकात बेंझिन मोजले जात नाही, तर वाचकाची दिशाभूल टळते.

नियम काय सांगतात?

भारतीय प्रेस परिषदेची वृत्तव्यवसायासाठी आचारसंहिता आहे. साथ किंवा नैसर्गिक आपत्तीबाबतची माहिती अधिकृत स्रोतांकडून पडताळून, संयमाने, अतिशयोक्ती आणि अंदाज टाळून द्यावी, असे ती सांगते. परिषद १९७८ च्या कायद्याने चालते. ती ठपका ठेवू शकते, शिक्षा करू शकत नाही. तिचा अधिकार वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरता आहे. दूरचित्रवाणी, यूट्यूब वाहिन्या आणि वस्तीतला मोबाइल घेऊन फिरणारा वार्ताहर तिच्या कक्षेत येत नाहीत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल वृत्तमाध्यमांना ही संहिता लागू करण्याचा प्रयत्न केला. मात्र सरकारी नियंत्रणाची भीती व्यक्त झाली आणि १४ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यातील संबंधित तरतुदींना स्थगिती दिली. ती भीती अनाठायी नव्हती. पण त्यामुळे जबाबदारी संपादकांच्या स्वतःच्या शिस्तीवर येऊन पडते.

काही बाबतींत कायदा स्पष्ट आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा, २०१७ नुसार कोणाच्याही संसर्गाची माहिती संमतीविना उघड करता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम २४ माध्यमांना दिल्या जाणाऱ्या माहितीविषयीच आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास ते मनाई करते. मधुमेह, कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. पण गोवर किंवा क्षय झालेल्या मुलाच्या चेहऱ्याला असे स्वतंत्र कवच नाही. नुकतेच मूल गमावलेल्या बापाला कॅमेऱ्यासमोर उभे केले आणि त्याने मान डोलावली, तर ती संमती मानायची का? संमती म्हणजे त्याला हे ठाऊक असणे, की चित्रफीत गावापर्यंत जाईल, पुढची दहा वर्षे मोबाइलवर सापडेल आणि तिच्याखाली अनोळखी लोक त्यालाच दोष देतील. एवढे सांगितल्यावर किती जण मान डोलावतील, हे प्रत्येक वार्ताहराला कळते.

बातमी आणि दवाखाना यांचा संबंध कुठे येतो?

आरोग्यसेवेची न्याय्य उपलब्धता म्हणजे इमारतींची संख्या नव्हे. कामाला खाडा न करता तिथे जाता येते का, तिथे डॉक्टर असतो का, औषध मिळते की चिठ्ठी, यावर ती ठरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये, गोवराची साथ सुरू असतानाच, महापालिकेने संध्याकाळीही चालणारे ‘आपला दवाखाना’ सुरू केले. रोजंदारीवरच्या माणसासाठी वेळेचा हा बदल महत्त्वाचा आहे. त्याचा उपयोग किती झाला, हे उद्घाटनाच्या बातमीतून कळत नाही. सहा महिन्यांनी जाऊन रांग, हजेरी आणि औषधांचा साठा पाहणाऱ्या बातमीतून कळते.

हक्कांची माहिती देणे हेही बातमीचेच काम. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. गोवंडीचे शताब्दी रुग्णालय आहे. पण ज्याला या गोष्टी ठाऊक असतात तोच त्या मागतो. श्रीमंत रुग्णाला माहिती देणारा डॉक्टर मित्र असतो, विमा प्रतिनिधी असतो. गरिबाकडे बऱ्याचदा मोबाइलवरची बातमी तेवढी असते. ती ‘चमत्कारी काढ्या’ची निघाली, तर त्याचे पैसेही जातात आणि वेळही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, महापालिकेने लसीकरण, मृत्यू, क्षय आणि रिक्त पदांची माहिती विभागनिहाय, शक्य तिथे आरोग्य केंद्रनिहाय, ठरावीक काळाने खुली करावी. प्रजा फाउंडेशनसारख्या संस्थांना दरवर्षी माहिती अधिकारात ती मागून मुंबईच्या आरोग्याचा अहवाल काढावा लागतो. जी माहिती मागितल्यावर मिळते, ती न मागता देण्यात अडचण नसावी. रुग्णाचे नाव, घर ओळखू येणार नाही एवढी काळजी घेतली की पुरे.

दुसरी, संशोधन संस्थांनी अहवालासोबत दोन पानांचे मराठी आणि उर्दू टिपण द्यावे. त्यात निष्कर्षाइतकीच मर्यादाही लिहावी. ज्या वस्तीची पाहणी झाली, तिला निकाल आधी सांगावा. आपल्याविषयीचा निष्कर्ष लोकांना वर्तमानपत्रातून कळावा, हे योग्य नाही.

तिसरी, वृत्तसंस्थांनी चार साधे प्रश्न ठरवून घ्यावेत. आकडा कुठल्या भागाचा आहे? तो तक्रारीचा आहे, निदानाचा की मृत्यूचा? धर्म, जात किंवा वस्तीचे नाव बातमीसाठी गरजेचे आहे का? आणि साथ ओसरल्यावर पुन्हा कधी जायचे? यांतला शेवटचा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो.

चौथी वाचकांची. व्हॉट्सअॅपवर आलेली आरोग्याची चित्रफीत पुढे ढकलण्याआधी तिची तारीख आणि ठिकाण पाहणे, रुग्णाचा चेहरा दिसत असेल तर ती थांबवणे, एवढे प्रत्येकाला जमते.

बातमीने रुग्ण बरा होत नाही. पण दवाखाना संध्याकाळी उघडा राहावा, दोन इमारतींत उजेड येईल एवढी जागा सुटावी, विषारी हवेत घरे बांधली जाऊ नयेत, यासाठी दबाव तयार होतो तो बातमीतूनच. गोवराच्या लसीची दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते. ऑक्टोबर २०२२ नंतर गोवंडीत जन्मलेल्या मुलांचे ते वय येऊन गेले. त्यांतल्या किती जणांना ती मिळाली, हे विभागनिहाय सांगणारा तक्ता वाचकासमोर येईल, तेव्हाच २०२२ च्या साथीची बातमी पूर्ण होईल.